फिलेरिमॉसवर नेलेला डबा

बसमधून उतरताना मी ड्रायव्हरला थँक्यू म्हटलं आणि फुटपाथवर एक पाय टेकवून तशीच उभी राहिले. घडलं काहीच नव्हतं. इंग्लंडात आमच्या रीडिंग गावात सगळेच म्हणतात. जांभळ्या बसचं दार उघडतं, माणसं एकेक करून उतरतात आणि प्रत्येक जण ड्रायव्हरकडे धड न बघता थँक्यू टाकून जातो, देवळातून निघता निघता घंटेला हात लावावा तसा. मीही कित्येक वर्षं लावते आहे. पण त्या दिवशी त्या ड्रायव्हरने, पगडीवाल्या वयस्कर माणसाने, मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "यू आर मोस्ट वेलकम, मॅडम." इतकं मनापासून म्हणाला की मीच ओशाळले. काय दिलं होतं त्याने मला? टाइलहर्स्टहून स्टेशनपर्यंत आणून सोडलं होतं. आणि जिने स्वतःच्या अंगातली किडनी काढून मला दिली, तिला मी हा शब्द एकदाही म्हटलेला नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि स्टेशनसमोर वाऱ्यात उभं असताना ते अंगावर येणं वेगळं. मागचा माणूस सॉरी म्हणत माझ्या बाजूने गेला, मीही सॉरी म्हटलं. माझा हात उजव्या ओटीपोटावर गेला होता. तिथे बसवली आहे ती, पुढच्या बाजूला, कातडीच्या जरा खालीच. माझ्या स्वतःच्या दोन सुकलेल्या किडन्या मागे जागच्या जागी आहेत, त्या काढत नाहीत. तीन-तीन किडन्या बाळगणारी बाई मी, आणि तोंडातून एक शब्द निघत नाही.

ती म्हणजे कस्तुरीवहिनी, माझी थोरली जाऊ. थोरली मानाने, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ज्ञानेश्वर भावोजी माझ्या नवऱ्याचे, राजीवचे मोठे भाऊ, आणि वहिनी त्यांच्याशी लग्न करून आमच्या आधी इथे आल्या, म्हणून मी त्यांना अहोजाहो करायचं आणि त्यांनी मला "काय गं मधुमती" म्हणायचं. पंचविशीत हे मला फार झोंबायचं. मी पुण्याची, इंजिनिअरिंग केलेली, रीडिंगला ऑफिसात टीम सांभाळणारी; त्या कोल्हापूरकडच्या, इल्फर्डमध्ये शाळेच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या. भावोजी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. आम्ही रीडिंगला, ते इल्फर्डला, मध्ये अख्खं लंडन. भांडायचं म्हटलं तरी दोन ट्रेन बदलाव्या लागत, त्यामुळे आम्ही कधी भांडलो नाही. आम्ही एकमेकींना डबे पाठवले. पहिल्या दिवाळीला त्यांनी चकल्या दिल्या, स्टीलच्या उभ्या डब्यात, झाकणावर त्यांच्या सासरचं म्हणजे माझ्याही सासरचं नाव कोरलेलं. चकल्या इतक्या खुसखुशीत होत्या की मला रात्रभर राग आला. आणि पुढच्या भेटीत मी तो डबा ओल्या नारळाच्या करंज्या भरून परत केला. माझ्या आईची शिस्तच होती, कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घाल, पण रिकामं भांडं दुसऱ्याच्या घरात पाठवू नकोस. मी ते आयुष्यभर पाळलं. वहिनींनी काही पाठवावं आणि मी त्याहून अंमळ सरस काहीतरी भरून परत करावं. त्यांचं लोणचं, माझा मुरांबा. त्यांचे शेंगदाण्याचे लाडू, माझी बर्फी. राजीव म्हणायचा, "तुमचं फिट्टंफाट झालं की सांगा, मला डायबेटिस होतोय." झालाही पुढे.

म्हणून तर माझ्या किडन्या गेल्या तेव्हा त्याची किडनी चालली नाही. शाल्मली पुढे आली, आमची मुलगी, पण तिला मी हात लावू दिला नाही. तिचं लग्न ठरत होतं, मुलंबाळं व्हायची होती. मी डायलिसिसच्या खुर्चीत आडवी पडून छताकडे बघायची आणि माझं रक्त बाहेर जाऊन फिरून आत यायचं. त्या दिवसांत तोंडाला सतत लोखंडाची चव असायची. पाणी मोजून प्यायचं, बटाटासुद्धा उकळून पाणी टाकून खायचा, आणि संध्याकाळी अशी गळून जायची की जिन्याकडे बघून रडू यायचं. अशा एका दुपारी वहिनींचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, शेजारच्या घराचं एक्स्टेन्शन, कौन्सिलने कचऱ्याच्या बिनचे दिवस बदलले वगैरे. मग म्हणाल्या, "बरं ऐक. माझा ब्लडग्रुप ओ आहे. तो म्हणे कुणालाही चालतो. मी जीपी डॉक्टरला विचारून ठेवलंय." ज्या आवाजात त्या "मेथी जास्तीची आलीये, पाठवू का" म्हणायच्या, त्याच आवाजात. मी म्हटलं, वहिनी, भलतंच काय. त्या म्हणाल्या, "भलतं काय त्यात? दोन आहेत. एकटीला काय करायच्यात?" भावोजींना जाऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती, आणि त्यांची चैत्राली मेलबर्नला. एकटीला हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण मला तो त्या दिवशीपासून चिकटला आहे.

पुढे तपासण्या झाल्या, आणि एकदा एक बाई आमची वेगवेगळी मुलाखत घ्यायला आली. तसा इथे नियमच आहे, देणाऱ्यावर कुणी दबाव तर आणत नाही ना, बदल्यात काही कबूल तर केलं नाही ना, हे बघतात. वहिनींना विचारलं, तुम्हाला याबद्दल काही मिळणार आहे का? तर वहिनी म्हणाल्या, "माझा डबा तिच्याकडे आहे, तो मिळाला तर बरं होईल." ती बाई म्हणे लिहिता लिहिता थांबली. मग वहिनींनी तिला डबा म्हणजे काय हे बसून समजावून सांगितलं. ऑपरेशननंतर वॉर्डातल्या दोन बेडांवर आम्ही, मध्ये निळा पडदा. माझ्या नळीतून लघवी उतरायला लागली, आणि नर्सने पिशवी वर धरून "लुक ॲट दॅट, ब्यूटिफुल" म्हटलं तेव्हा मी ढसाढसा रडले. पडद्यापलीकडून आवाज आला, "काय झालं गं? चालत नाही का?" मी म्हटलं, चालतेय वहिनी. "मग रडतेस कशाला? मला वाटलं खराब निघाली." त्या वेळी मी म्हणायला गेले होते. वहिनी, मी तुमचे, एवढं म्हटलंही. "गप बस," त्या म्हणाल्या. "आभार मानायला मी काय तुमच्या मंडळाची प्रमुख पाहुणी आहे?"

हा घाव त्यांनी बरोबर वर्मी घातला. रीडिंगच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीपासून कोजागिरीपर्यंत आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. हॉलच्या केअरटेकरपासून माइकच्या बॅटऱ्या आणून देणाऱ्यापर्यंत एकही माणूस मी सोडत नाही. लोक चपला शोधत असतात तरी मी सोडत नाही. शेवटी ते ठरलेलं वाक्य, आपले औपचारिक आभार न मानता आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो, आणि टाळ्या. शाल्मली तर मला म्हणते, "आई, यू थँक एव्हरीवन एक्सेप्ट अस." तिला काय सांगणार? ती इथे वाढली, ती मला चहाच्या कपाबद्दलसुद्धा थँक्यू म्हणते आणि मला दरवेळी बारीकसं टोचतं, मी काय वेट्रेस आहे का? घरच्या माणसाचे आभार मानले की तो घरचा राहत नाही, असं काहीतरी माझ्या हाडात बसलंय. पण मग घरच्या माणसाला सांगायचं कसं? न सांगता कळतं म्हणतात. कळत असेल. वहिनी आता इल्फर्डचं घर विकून ऑक्टोबरमध्ये मेलबर्नला निघाल्या होत्या, चैत्रालीकडे, कायमच्या. त्या वयात आणि त्या अंतरावर कायमच्या म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक होतं. बसस्टॉपवर मी खिळून उभी राहिले ती याने. ही बाई जाणार, तिचा एक तुकडा माझ्यात राहणार, आणि मी तिला एवढंसुद्धा सांगितलेलं नसणार. मी तिथूनच फोन लावला. म्हटलं, वहिनी, जायच्या आधी कुठेतरी जाऊया का, दोघीच? त्यांनी आधी तारखा विचारल्या. मग म्हणाल्या, "डोंगरावर जाऊ. वर देऊळ असेल आणि रांग नसेल अशा."

असा डोंगर त्यांनीच शोधला. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरचा फिलेरिमॉस. भावोजी जायच्या आधी ते दोघं जाणार होते, बुकिंगही झालं होतं, राहिलं. गॅटविकच्या सिक्युरिटीत त्यांची पर्स उघडली तर आत तोच डबा. नाव कोरलेला, झाकणाला आता पोचा आलेला. त्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी. तो पोरसवदा ऑफिसर म्हणाला, व्हॉट्स धिस? वहिनी म्हणाल्या, "ब्रेकफास्ट. वाँट सम?" मी दुसरीकडे बघितलं. विमानात मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, मराठीत जुळवलं की मंडळाचं वाटायचं आणि इंग्रजीत जुळवलं की बसमधलं. हॉटेलात नाश्त्याला म्हणणार होते, तर वहिनी वेटरशी दह्याबद्दल बोलण्यात गुंतल्या. हे दही आपल्या चक्क्यासारखं आहे, याचं श्रीखंड होईल, साखर आण बरं, असं त्याला हातवारे करून सांगत होत्या. मी आपली टोपी, सनक्रीम, लांब बाह्या असा जामानिमा करून बसलेली. माझ्या गोळ्यांमुळे मला ऊन चालत नाही. वहिनींच्या डोक्यावर नुसती ओढणी.

टॅक्सीने वर सोडलं आणि ती वळणावरून खाली दिसेनाशी झाल्यावर एकदम इतकं शांत झालं की माझ्याच कानात माझं रक्त ऐकू यायला लागलं. पाइनचा तापलेला वास, चिकट, गोडसर. समोर रुंद दगडी पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना सुरूसारखी उंच सरळ झाडं, सायप्रस. फिलेरिमॉस म्हणजे एकांत आवडणारा, असं टॅक्सीवाल्याने सांगितलं होतं. वहिनी म्हणाल्या, "नाव चांगलंय. पण दोघी आलो." मी चढायला लागले. दीड वर्षापूर्वी ज्या बाईला घरातला जिना चढवत नव्हता ती मी, टोपी सावरत, न थांबता चढत होते. पोटऱ्या दुखत होत्या आणि ते दुखणंसुद्धा मला आवडत होतं. गुडघे, घाम, ओठांवरचं मीठ, बाटलीतून घटाघटा पाणी, कितीही, कुणी मोजत नाही. पाणी पिताना मला अजून चोरून काही करत असल्यासारखं वाटतं. वर पोचून मी मागे वळले तर वहिनी खूप खाली, एका झाडाला हात टेकून उभ्या. तोंड उघडं. ओढणी घसरलेली. ते बघून मला जे झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी त्यांच्या इंधनावर वर आले होते आणि त्या खाली धापा टाकत होत्या. मी पायऱ्या उतरत सुटले. काय होतंय, चक्कर येतेय का, पाय सुजलेत का, शेवटची ब्लडटेस्ट कधी केलीत, क्रिएटिनिन किती होतं? वहिनींनी हात वर करून मला थांबवलं. जरा दम घेऊन म्हणाल्या, "गुडघा आहे गं. किडनी नाही. प्रत्येक गोष्टीला किडनी नसते." मग माझा हात धरला आणि आम्ही जोडीने चढलो, हळू, मध्ये मध्ये थांबत. त्यांचा तळवा खरखरीत आणि गरम होता. इतक्या वर्षांत मी तो असा कधी धरला नव्हता. मी तो वर पोचल्यावरही सोडला नाही, आणि त्यांनीही काढून घेतला नाही.

वर जुन्या अथेना देवीच्या देवळाचा नुसता पाया उरलाय, खांबांचे तुकडे गवतात पडलेले. त्याला लागून नंतरच्या लोकांनी चर्च बांधलं, तेही पडलं, मग आणखी नंतरच्यांनी मठ बांधला, आणि तोही पुन्हा उभा केलेला आहे. जमिनीत एक दगडी कुंड आहे, क्रॉसच्या आकाराचं, आत उतरायला पायऱ्या. वहिनी त्याच्या काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "म्हणजे देवी होती, मग तिच्याच जागेवर हे आले. आपल्याकडेही असंच. जागा सोडत नाहीत लोक." मला त्या क्षणी माझ्या पोटातली जागा आठवली. माणूस कुठेही गेला तरी डोक्यात एकच विषय असला की दगडसुद्धा त्याच विषयावर बोलतात. मठातल्या चर्चमध्ये गार होतं. मेणबत्त्यांचा वास, आणि मेरीच्या तसबिरीखाली दोऱ्याला ओवलेले पत्र्याचे पातळ चौकोन, चकचकीत, प्रत्येकावर काहीतरी ठसवलेलं. पाय. हात. डोळ्यांची जोडी. हृदय. कापडात गुंडाळलेलं बाळ. वहिनी चष्मा लावून अगदी जवळ गेल्या. "नवसाचे आहेत गं," त्या म्हणाल्या. "आमच्या देवीला चांदीचे डोळे वाहतात, तसे." मग बराच वेळ एकेक चौकोन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "किडनी काही दिसत नाही." मी हसले, चर्चमध्ये, मोठ्याने, एका जर्मन जोडप्याने वळून बघितलं. वहिनी खालच्या भुयारी चॅपलमधली भिंतीवरची चित्रं बघायला गेल्या तशी मी दारातल्या दुकानाकडे वळले. तिथे ते पत्रे विकायला होते. किडनी तिथेही नव्हती. मी विकणाऱ्या बाईला बोटाने बरगडीखाली दाखवलं, तिने मान हलवली आणि खोक्यातून शोधून एक पत्रा काढला. त्यावर अख्खी बाई होती, उभी, हात जोडलेली. मी तो घेतला. तेव्हाच ठरवलं, वहिनींचा डबा विसळायला घ्यायचा आणि परत करताना त्यात हा घालायचा. मला बोलता येत नाही ना, मग राहू दे, डबा बोलेल. इतकी वर्षं तोच तर बोलत आला होता. मला एकदम हलकं वाटलं, गणित सुटल्यासारखं.

मठापासून एक सरळ वाट झाडांतून कड्यापर्यंत जाते, बाजूने छोट्या छोट्या देवळ्या, प्रत्येकीत येशूच्या शेवटच्या वाटेवरचा एकेक प्रसंग, धातूत उठवलेला. टोकाला प्रचंड मोठा क्रॉस आणि त्यापलीकडे एकदम काही नाही, नुसतं आभाळ, खाली विमानतळाची धावपट्टी आणि समुद्र, आणि समुद्रापलीकडे धुरकट तुर्कस्तान. आम्ही सावलीत बाकावर बसलो. वहिनींनी डबा काढून मांडीवर ठेवला. झाकण उघडल्याबरोबर झुडपातून मोर आला. मग दुसरा. तिथे मोर मोकळे हिंडतात, मांजरांसारखे. पहिल्याने मान तिरकी करून डब्यात बघितलं आणि आम्ही काही करायच्या आत एक अख्खा धपाटा उचलून चालायला लागला. "अरे, ए," वहिनी म्हणाल्या, "चटणी राहिली तुझी." त्या इतक्या हसल्या की ओढणीने डोळे पुसायला लागल्या. मीही हसत होते. आणि हसता हसताच, कसा कोण जाणे, मी तो विषय काढला. म्हटलं, वहिनी, मला तुम्हाला काही सांगायचंय, दीड वर्ष सांगायचंय, आणि मला ते जमत नाहीये. तुम्ही जाणार म्हटल्यापासून मला झोप नाही. तुम्ही मला जे दिलंत त्याची परतफेड मी कशाने करू? मी काय करू म्हणजे ते फिटेल?

वहिनींनी धपाट्याचा तुकडा मोडून त्याला चटणी लावली आणि माझ्या हातात दिला. "तुला एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तू माझा डबा एकदा तरी रिकामा परत केलास का गं?" मी म्हटलं, नाही. कधीच नाही. माझ्या आवाजात जरासा अभिमानच होता. "तेच," त्या म्हणाल्या. "मी इथे आले तेव्हा माझं कुणी नव्हतं. तुम्ही येणार कळलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, आता जाऊ आली, आता बरं होईल. चकल्या दिल्या तुला. आठवड्याच्या आत करंज्या. मग लोणचं दिलं, तर मुरांबा. मी ह्यांना म्हणायची, हिला माझं काही ठेवूनच घ्यायचं नाही. आमच्याकडे शेजारणीचा डबा भरून देत. परक्याचा. घरातल्या घरात कोण भरतंय? माझी आई आणि काकू, सकाळ-संध्याकाळ भांडी इकडची तिकडे, सगळी रिकामी." त्या समोर समुद्राकडे बघत होत्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं आणखी कठीण होतं. "म्हणून तुझं हे दुखणं निघालं तेव्हा, खरं सांगते, वाईट वाटलं ते वाटलंच. पण मनात आलं, आता असं काहीतरी देते की ह्या बयेला ते परत करताच येणार नाही. बसू दे घेऊन." आणि त्या हसल्या, माझ्या गुडघ्यावर थाप मारून. "आणि तू अजून विचारतेस, फिटेल कसं."

मी धपाटा तोंडात घालून बसले होते. तीस वर्षांच्या करंज्या, बर्फ्या, मुरांबे माझ्या डोळ्यांपुढून गेले, एकेक भरलेला डबा, झाकण घट्ट लावलेलं, आणि प्रत्येक डब्याबरोबर इल्फर्डच्या त्या स्वयंपाकघरात एक बाई झाकण उघडून काय म्हणाली असेल ते. मी याला रीत समजत होते. आईची शिस्त समजत होते. खरं तर आईची शिस्त शेजाऱ्यांसाठी होती, सदाशिव पेठेतल्या बिऱ्हाडातल्या तऱ्हेवाईक शेजारणींसाठी, आणि ती मी इथे इतक्या लांब आणून सगळ्या देशात माझ्या एकुलत्या एका हक्काच्या बाईला लावली. मला खूप रडू आलं. वहिनींनी रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाणी पी. रडून पाणी कमी होतं, तिला चालत नाही." तिला म्हणजे किडनीला. सासरी दिलेल्या लेकीबद्दल बोलावं तशा त्या तिच्याबद्दल बोलतात. मी पाणी प्यायले. मोर परत आला होता आणि उरलेल्या धपाट्यांवर त्याचं लक्ष होतं. वहिनींनी ते सगळे तुकडे करून त्याच्यापुढे टाकले. ऊन कलत होतं, क्रॉसची सावली वाटेवर लांब पडली होती आणि खाली पट्टीवरून एक विमान सुटून समुद्रावर वळलं. मला त्या क्षणी कुठल्याही गोष्टीची भीती वाटत नव्हती. मी जिवंत होते, माझी जाऊ माझ्या शेजारी बसली होती, तिच्या ओढणीला शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता, आणि मला मिळालेलं सगळं मला पुरून उरत होतं. इतकं सुख मला आधी कधी झालं असेल तर मला ते आठवत नाही.

उतरताना डबा मी घेतला. मठाजवळच्या नळावर तो विसळला, माझ्या रुमालाने पुसला. गॅटविकला बॅगा आल्यावर आमच्या वाटा वेगळ्या होत्या, राजीव मला घ्यायला येणार होता, त्यांना लंडनची ट्रेन. मी पर्समध्ये हात घातला. डबा हाताला लागला आणि त्याच्या शेजारी तो पत्रा, हात जोडलेली बाई, कागदात. सवय वाईट असते. माझ्या बोटांनी झाकण अर्धवट उघडलंसुद्धा. हेही नसतं तर चमचाभर साखर, विमानातली एखादी पुडी, काहीतरी. रिकामा डबा हातात धरून मी तिथे त्या ट्रॉल्यांच्या गर्दीत उभी राहिले आणि मला अंगावर कपडे नसल्यासारखं वाटलं. मग मी झाकण लावलं. पत्रा आतच राहू दिला, माझ्या पर्समध्ये. "वहिनी," मी म्हटलं, "तुमचा डबा."

त्यांनी तो घेतला. नारळ बघतात तसा कानाशी नेऊन हलवला. काही वाजलं नाही. पुन्हा हलवला. माझ्याकडे बघितलं, झाकण उघडून आत बोट फिरवून बघितलं. "विसळलास वाटतं," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी झाकण लावलं, डबा छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने माझी टोपी सरळ केली. "पोचलीस की फोन कर," म्हणाल्या, आणि ओढणी सावरत, त्या गुडघ्यावर जरा लंगडत, प्लॅटफॉर्मच्या बाजूला गेल्या.

ऑक्टोबरात त्या मेलबर्नला गेल्या. डबा बरोबर नेला, चैत्राली सांगत होती. परवा मी पुन्हा त्याच जांभळ्या बसने स्टेशनला गेले. तोच पगडीवाला ड्रायव्हर होता. उतरताना मी त्याच्याकडे बघून नीट, मोठ्याने थँक्यू म्हटलं. त्याचं तेवढ्यावर भागतं.